पेन्सिलीएवढी फट

क्लिफर्ड हॉर्सफॉलला चिखलाचं वावडं नव्हतं. वावडं होतं ते आपल्या चाकाचा चिखल मागच्याच्या तोंडावर उडवण्याचं. कॅल्डर नदीच्या खोऱ्यात वर्षाचे आठ महिने रस्ता ओला असतो आणि उरलेले चार महिने तो ओला होण्याच्या बेतात असतो. अशा ठिकाणच्या सायकल क्लबचा तो एकवीस वर्षं कप्तान होता, त्यामुळे हे वावडं त्याच्या हाडांत मुरलेलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्च संपेपर्यंत क्लबच्या फेरीला येणाऱ्या प्रत्येक सायकलला दोन्ही चाकांवर पुऱ्या लांबीची मडगार्ड हवीत, आणि मागच्या मडगार्डला शेपटी हवी, असा नियम होता. शेपटी म्हणजे मडगार्डच्या टोकाला स्क्रूने बसवलेला, जमिनीपासून चार बोटं वर लोंबणारा प्लॅस्टिकचा तुकडा. चालवणाऱ्याला स्वतःला तिचा काडीचा उपयोग नसतो. ती मागून येणाऱ्यासाठी असते. ज्याला मडगार्ड नाही, शेपटी नाही, त्याने सगळ्यांच्या मागे वीस यार्ड अंतर सोडून चालवायचं. निघण्याआधी क्लिफर्ड ओणवा होऊन प्रत्येकाच्या शेपटीखाली चार बोटं घालून बघायचा, आणि मोठमोठे गिरणी मॅनेजरसुद्धा तेवढा वेळ श्वास रोखून उभे राहायचे.

आता तो एकोणऐंशी वर्षांचा होता आणि शाझियाच्या सायकल दुकानात डोंगरात चालवायची विजेची सायकल घेऊन उभा होता. सायकल मूळची त्याच्या मुलीची, लोरेनची. ती शेफील्डला शाळेत भूगोल शिकवते. तिने स्वतःसाठी नवी घेतली आणि जुनी व्हॅनमध्ये घालून बापाच्या शेडमध्ये आणून ठेवली होती. जाताना ती म्हणाली होती, "नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी येते. वर माळावर जाऊ. दोघंच."

सदतीस वर्षांत बाप-लेकींनी एकदाही बरोबर सायकल चालवली नव्हती. फोन होत, नाताळला ती येई, आईच्या अंत्यविधीला दोघांनी शेजारी उभं राहून लोकांना सँडविच वाढले. पण सायकलवर ती त्याच्या मागे पुन्हा कधी आली नव्हती. म्हणून क्लिफर्डला त्या रविवारी एकच गोष्ट हवी होती. लोरेन आपल्या चाकामागे यावी आणि आपल्या चाकाचा एक शिंतोडा तिच्या अंगावर उडू नये.

"अंकल, तुम्हाला यातलं कुठलंही चालेल," शाझियाने काउंटरवर तीन-चार मडगार्डं मांडली. पस्तिशीची बाई, हाताला कायम ग्रीस, आणि बोलणं तिच्या ब्रॅडफर्डच्या आजोबांपेक्षा इथल्या गवळ्यांसारखं. "पुढच्यासाठी हे आखूड. फोर्कला पट्ट्यांनी बांधायचं. डोळ्यांत चिखल येत नाही. मागच्यासाठी हे. मागच्या दांड्यांना बांधायचं, चाकाबरोबर वर-खाली होतं."

क्लिफर्डने ते मागचं उचललं, उलटसुलट केलं. "हे मडगार्ड आहे की मासे तळायचा झारा?"

"डोंगरात एवढंच लावतात."

"याने माझी पाठ वाचेल. मागच्याचं काय?"

"डोंगरात मागचा लांब राहतो, अंकल."

"लांब राहतो," क्लिफर्ड म्हणाला. त्याला ते शब्द आवडले नाहीत. "मला पुऱ्या लांबीचं दे. बाजूला तारांचे आधार असलेलं. खालपर्यंत येणारं."

शाझियाने आत जाऊन शहरातल्या विजेच्या सायकलींसाठी येणारं एक रुंद काळं मडगार्ड आणलं. टायरवर धरून पाहिलं तर रुंदीला पुरत होतं, पण या सायकलला ते बसवायला जागाच नव्हती. कुठे भोक नाही, कुठे कान नाही. क्लिफर्ड म्हणाला की ते माझ्यावर सोड, नळाला बसवायच्या चिमट्यांनी मी याहून वाईट गोष्टी बसवल्या आहेत. शाझियाने हात पुसले आणि सायकलच्या पोटातल्या शॉक-अब्सॉर्बरवर बोट ठेवलं.

"नीट ऐका हं. खड्डा आला की हा दबतो आणि मागचं चाक वर येतं. मडगार्ड तुम्ही पुढच्या बाजूला फ्रेमला बांधणार, म्हणजे ते तिथेच राहणार. तळहाताएवढी जागा सोडा. दिसायला घाण दिसेल, पण सोडा."

"हो, हो."

"हो हो नका करू. चिखलालाही जागा लागते. इथला चिखल तुम्हाला मी सांगायला नको."

"पोरी, तुझ्या जन्माआधीपासून मी मडगार्ड बसवतोय."

"तेच तर भीतीचं आहे," शाझिया म्हणाली. मग मडगार्ड कागदात गुंडाळताना तिने सहज विचारलं, "मागे कोण असणार आहे?"

"माझी मुलगी."

शेपटीसाठी लागणारे दोन स्क्रू शाझियाने तिच्याकडचे दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिफर्डने शेड उघडली. भिंतीवर त्याची जुनी निळी पोलादी सायकल टांगलेली होती, बायको ऑड्री गेल्यापासून खाली न उतरवलेली. विजेची सायकल तिच्यासमोर उभी केली तेव्हा ती दारात घुसलेल्या रेड्यासारखी दिसत होती. क्लिफर्डने तिला उचलून स्टँडवर चढवायचा प्रयत्न केला, कमरेने नकार दिला, तेव्हा त्याने तिला उलटी करून गादीवर ठेवली आणि कामाला लागला.

मडगार्ड बसवण्याची त्याची एक पद्धत होती आणि अख्खं खोरं ती पद्धत ओळखून होतं. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये सगळीकडे एक पेन्सिल फिरली पाहिजे. एक. दोन नाहीत. पुढून मागपर्यंत फट सारखी, जणू मडगार्ड चाकातूनच उगवलंय. ढिली, फाकलेली फट म्हणजे माणूस ढिला. त्याने पेन्सिल कानावर ठेवली, चिमटे कसले, तारा मोजून कापल्या, कापलेली टोकं घासून गोल केली आणि फ्रेमला बांधायच्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. शाझियाचं बोलणं तो विसरला नव्हता. सायकल सरळ करून त्याने सीटवर दोन्ही हातांनी सगळा भार टाकून पाहिला. सायकल तसूभरही दबली नाही. शॉकवरची छोटी निळी कळ लोरेनने रस्त्यावर चालवण्यासाठी बंद करून ठेवली होती हे त्याला ठाऊक नव्हतं. "काय तरी सांगते," तो पुटपुटला. "चांगली घट्ट आहे की. सायकल असावी तशी." आणि त्याने पेन्सिल सगळीकडून फिरवून घेतली.

अकराच्या सुमारास नॉर्मन आला. क्लबमधला त्याचा सगळ्यात जुना सोबती. त्याचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती. हातात आल्याच्या केकचा डबा.

"कप्तान विजेवर," तो खोक्यावर बसत म्हणाला. "मग रविवारी तुला चार्जिंगला लावून आम्ही पुढे निघायचं का?"

"तू कुठे निघणार आहेस? तुला बसमध्ये चढायला दोन माणसं लागतात."

"मी मनाने निघतो." नॉर्मनने चष्मा नाकावर सरकवून मडगार्ड निरखलं आणि मान डोलावली. "बसवलंय झकास. हात गेला नाही तुझा. शेपटी?"

"ती आहे," क्लिफर्ड म्हणाला आणि भिंतीवरच्या निळ्या सायकलीकडे गेला.

ती शेपटी भांडी घासायच्या साबणाच्या पांढऱ्या बाटलीची होती. ऑड्री अशा बाटल्या धुऊन ठेवायची आणि क्लबातले निम्मे लोक शेपटीला बाटली मागायला तिच्या दाराशी यायचे. या शेपटीवर काळ्या रंगाने एक धोबी पक्षी काढलेला होता. पाणवठ्यावर शेपूट वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा, काळापांढरा. लोरेन आठ वर्षांची असताना क्लिफर्डने तो काढला होता. त्या वर्षी ती क्लबच्या फेरीला यायला लागली, छोट्या लाल सायकलवर, नेहमी बापाच्या मागच्या चाकाशी. चढ आला की तिचं तोंड आंबट व्हायचं आणि दुसऱ्या वळणाला डोळ्यांत पाणी. मग एका शनिवारी त्याने फ्रेमवरचे ओरखडे झाकायचा काळा रंग घेतला, बाटलीवर धोबी रंगवला, आणि रविवारी तिला सांगितलं, "चढाकडे बघू नकोस. धोब्यावर नजर ठेव. चढ आपोआप संपतो." सायकल चालली की शेपटी हलायची, शेपटी हलली की धोबी हलायचा. दहा हिवाळे ती त्या पक्ष्याच्या मागे चालली. हार्डकॅसलच्या चढावर मागून तिच्या गाण्याचा आवाज यायचा तेव्हा क्लिफर्डला वाटायचं की आपल्याला आणखी काही नको. ते तेव्हाच तिला सांगायला हवं होतं, पण तिथल्या पुरुषांना असलं बोलायची सवय नव्हती आणि त्याला तर मुळीच नव्हती.

त्याने स्क्रू सोडवायला पिळा दिला आणि शेपटीचा कटकन तुकडा पडला. प्लॅस्टिक पिवळं पडून ठिसूळ झालं होतं. धोब्याचं डोकं त्याच्या हातात राहिलं आणि बाकीच्याचे जमिनीवर पडून तीन तुकडे झाले.

नॉर्मनने हातातला केक डब्यात परत ठेवला.

"सत्त्याऐंशी सालीच ना, तिने ती डोंगरातली सायकल आणली?" नॉर्मन म्हणाला. "तेव्हा पहिल्यांदाच बघितली आपण तसली. जाड टायर."

क्लिफर्डला आठवण करून द्यायची गरज नव्हती. लोरेन अठराची, बेकरीतल्या पहिल्या पगाराच्या पैशांतून घेतलेली पिवळी सायकल, आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. त्या सायकलला मडगार्ड नव्हती. त्या काळी तसल्या सायकलला मिळतही नव्हती. सगळा क्लब चौकात जमलेला आणि सगळे कप्तानाकडे बघतायत की स्वतःच्या मुलीला हा काय करतो. क्लिफर्ड ओणवा झाला, जिथे शेपटी नव्हती तिथे त्याने चार बोटं धरली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मागे. वीस यार्ड." वर कोणी तरी हसलं होतं. लोरेन मागे राहिली. दुसऱ्या चढापर्यंत होती, त्यानंतर नव्हती. संध्याकाळी घरी ती जेवायला बसली, बटाटे दे म्हणाली, त्याने दिले. पुढच्या रविवारी ती एकटीच माळावर गेली आणि मग नेहमीच.

"नियम सगळ्यांना सारखा," क्लिफर्ड म्हणाला. "तिला सोडलं असतं तर उद्या तू शेपटीशिवाय आला असतास."

"तू वळून बघितलं नाहीस."

"कप्तानाने पुढे बघायचं असतं."

"मी बघितलं होतं," नॉर्मन म्हणाला.

सदतीस वर्षांत क्लिफर्डने हे कोणाला विचारलं नव्हतं. आता विचारतानाही त्याने हातातल्या स्क्रूकडेच बघितलं. "काय दिसलं?"

"उभी होती. चढाच्या पायथ्याशी, एक पाय खाली टेकून. आपण वळण घेईपर्यंत उभी होती. मला वाटलं दम खातेय." नॉर्मनने चष्मा काढून पुसला. "दम खात नव्हती लेका ती. वाट बघत होती."

नॉर्मन गेल्यावर क्लिफर्डने धोब्याचे तुकडे जमिनीवरून गोळा केले. मग घरात जाऊन त्याने दुधाचा मोठा प्लॅस्टिकचा कॅन रिकामा केला. उरलेलं दूध पातेल्यात ओतलं, पुरतं दोन लिटर, एकट्या माणसाला चार दिवस पुरणारं. कॅन धुतला, कापला, जुन्या शेपटीचे तुकडे जुळवून त्यांच्यावरून नव्या शेपटीचा आकार उतरवला. काळा रंग डबीत वाळून गेला होता, तेव्हा तो पुन्हा शाझियाकडे गेला. पक्षी पूर्वीसारखा उतरेना. चोच जाड झाली, पोट सुटलं, आणि शेपूट जिथे बारीक हवं तिथे झाडूसारखं झालं. त्याने तीनदा पुसून काढलं. चौथ्यांदा तसंच राहू दिलं.

रविवारी नऊ वाजता लोरेनची व्हॅन दारात उभी राहिली. बारीक पाऊस होता, ज्याला तिथे कोणी पाऊस म्हणत नाही. पंचावन्न वर्षांची, केस आखूड, ऑड्रीसारखी मान एका बाजूला करून बघणारी. ती सायकलभोवती एक फेरी मारून आली.

"डॅड, हे काय केलंस?"

"मडगार्ड."

"ते दिसतंय. शेपटीसुद्धा." ती वाकली. धोब्याकडे तिने बघितलं की नाही हे क्लिफर्डला कळेना, कारण तिने रेनकोटची टोपी ओढून घेतली होती. मग उभी राहून ती म्हणाली, "माझ्या सायकलला काही नाही. पुढे हा एवढासा झारा. म्हणजे मी मागे. वीस यार्ड."

ती हसत म्हणाली, अगदी सहज. पण क्लिफर्डला ते आतपर्यंत लागलं. त्याला म्हणायचं होतं की जवळ ये, अगदी चाकाला लागून ये, मी सगळं त्यासाठीच केलंय. तोंडातून निघालं, "बघ, तुला सोयीचं पडेल तसं."

ते कालव्याच्या काठाने निघाले. मोटर घुं घुं करत होती आणि पायांत कोणा दुसऱ्याचंच बळ भरल्यासारखं वाटत होतं. क्लिफर्डचं लक्ष मात्र मागे होतं. लोरेनच्या जाड टायरचा आवाज त्याला ऐकू येत होता, लांबून, पुलाखाली गेला की थोडा जवळून. वळून बघावं असं दर क्षणी वाटे, पण मान वळायची नाही. एकवीस वर्षांची सवय मानेत बसलेली. रस्ता चढाला लागला. उजवीकडे गिरणीची धुराडी, डावीकडे मेंढ्या, मध्ये ओलं काळं डांबर. आणि मग तो टायरचा आवाज जवळ आला. दहा यार्ड. पाच. मग अगदी मागच्या चाकाशी, पूर्वी असायचा तसा. क्लिफर्डने मोटर एक पायरी कमी केली, वेग एकसारखा ठेवला, खड्डा आला की पूर्वीसारखं डाव्या हाताने खूण केली. शेपटी टपटप हलत होती. मागच्याला काही लागत नव्हतं. चढ संपूच नये असं त्याला वाटलं, आणि सायकलवर असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

माळाच्या फाटकाशी दोघं थांबले. पुढे रस्ता नव्हता, जुन्या घोड्यांच्या तांड्यांची दगडी वाट होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना काळा, लोण्यासारखा चिखल. लोरेनने त्याच्या सायकलकडे बघितलं.

"डॅड, ही कळ बंदच? अख्खा रस्ता दगडावर बसल्यासारखा आलास की." तिने वाकून निळी कळ फिरवली. "आता बघ. गादीवर बसल्यासारखं वाटेल."

फाटकापलीकडे वाट एकदम दोन हात खाली उतरते. क्लिफर्ड पुढे गेला. चाक खाली आपटलं, शॉक दबला, मागचं चाक वर आलं आणि पेन्सिलीएवढ्या फटीत घुसलं. करकचून आवाज झाला. चाक जागच्या जागी थांबलं, सायकल आडवी झाली, आणि क्लब कप्तान क्लिफर्ड हॉर्सफॉल कडेच्या चिखलात कुशीवर पडले.

"लागलं?" लोरेन धावत आली.

"नाही." लागलं होतं, पण कुशीला नाही. तो पडल्या पडल्या मडगार्डकडे बघत होता. एक तार वाकून बाहेर आली होती, फटीत चिखल ठासून भरला होता, मडगार्डला आडवी चीर गेली होती. शेपटी तेवढी शाबूत होती. शाझिया तळहात म्हणाली होती. तळहात. तो पेन्सिल घेऊन बसला होता.

लोरेनने त्याला हात देऊन उठवलं. मग ती सायकलशी उकिडवी बसली आणि बोटाने फट चाचपडत राहिली. "किती नीट बसवलंयस रे," ती म्हणाली. "दुकानात मांडून ठेवावं असं. पण हे काढावं लागणार, डॅड."

"काढ."

तिने पान्याने चिमटे सोडवले. तो शेजारी उभा राहून एकेक स्क्रू हातात घेत होता. तीन दिवसांचं काम पाच मिनिटांत सुटलं. लोरेनने मडगार्ड पाठीवरच्या पिशवीला आडवं बांधलं आणि ती म्हणाली, "चल, हो पुढे."

"नाही," क्लिफर्ड म्हणाला. "मला मडगार्ड नाही. मी मागे."

"मलाही नाहीये."

"तू मागे राहून झालं. सदतीस वर्षं." त्याने सायकलचं तोंड फिरवलं. "जा."

ती निघाली. तिच्या मागच्या चाकाने उडवलेला चिखल सरळ वर चढून मागे पंख्यासारखा पसरत होता. वीस यार्ड मागे राहिलं असतं तर एक थेंब लागला नसता. क्लिफर्डला हे कोणी शिकवायला नको होतं. सगळ्या खोऱ्याला त्यानेच तर शिकवलं होतं. त्याने मोटर दोन पायऱ्या वाढवली आणि तिच्या चाकाला जाऊन भिडला.

पहिला फटकारा छातीवर बसला, दुसरा गळ्यात. मग चष्मा बरबटला. मग ओठ. तोंडात वाळू, माळाची कुजकट काळी माती आणि मेंढ्यांच्या लेंड्यांची चव आली. विजेवाचून हे झालंच नसतं, या वयात हिच्या चाकाशी तो शंभर पावलंसुद्धा टिकला नसता, आणि मोटरला त्याने मनातल्या मनात दुवा दिला. लोरेनने मान वळवली. ती सहज वळवत होती, कोणी तरी मागे आहे ना हे बघणाऱ्या माणसासारखी.

"डॅड, मागे राहा! सगळं तुझ्या तोंडावर उडतंय."

"उडू दे."

"अरे पण आंधळा होशील."

"तू चाल."

तलावाच्या वरच्या शेवटच्या चढाशी ती थांबली. तो थांबला. तिने वळून बघितलं आणि तिला हसू आवरेना. बापाचं काहीच ओळखू येत नव्हतं. तिने रुमाल काढून त्याचा चष्मा पुसला, मग गाल पुसायला गेली, तर त्याने तिचं मनगट धरलं.

"त्या दिवशी मी वळून बघायला हवं होतं," तो म्हणाला. दातांत वाळू करकरत होती. "नियमाचं जाऊ दे. नियम बरोबर होता की चूक, ते जाऊ दे. मी वळून बघायला हवं होतं."

लोरेनचं हसू थांबलं. ती तलावाकडे बघत म्हणाली, "मला मडगार्डचा राग नव्हता. मला ठाऊक होतं तू मागे पाठवणार. पैज लावली होती मी आईशी. मला वाटलं होतं, चढाच्या वळणावर तरी बघेल. तू बघितलं असतंस ना, तर मी चढले असते."

"नॉर्मनने बघितलं होतं."

"हो. त्याने हात केला होता मला." तिने नाक पुसलं. "त्याने हे सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"काही नाही. दुधाचा कॅन कापला."

लोरेन पिशवी खाली ठेवून उकिडवी बसली. चिरलेल्या मडगार्डवरून तिने शेपटीचे दोन्ही स्क्रू सोडवले आणि शेपटी समोर धरली.

"ही कोंबडी का काढलीस?"

"धोबी आहे तो."

"पूर्वी धोबी होता. आता अंडी देईल असा दिसतोय." तिने अंगठ्याने पक्ष्यावरचा चिखल पुसला. "मला वाटलं तू विसरलास. सकाळी बघितलं मी. टोपीच्या आडून. बोलता येईना म्हणून ते वीस यार्डांचं बोलले."

तिने खिशातून प्लॅस्टिकची एक पट्टी काढली, स्क्रूच्या भोकांतून ओवली आणि शेपटी स्वतःच्या सीटखाली बांधली. पक्षी बाहेरच्या बाजूला येईल अशी. मग ती सायकलवर बसली. समोर चढ होता, लांबलचक, दगडी, धुक्यात शिरलेला.

"त्याच्याकडे बघू नकोस, डॅड," ती म्हणाली. "धोब्यावर नजर ठेव."

ती निघाली. सीटखाली पोट सुटलेला धोबी वरखाली डुलायला लागला. शेपटी इतकी वर बांधली होती की तिने एक शिंतोडा अडवला नसता, आणि क्लिफर्डच्या चार बोटांत ती कुठल्याच हिशेबाने बसली नसती. क्लबच्या कप्तानाने अशी शेपटी बघून तिला तिथूनच घरी पाठवलं असतं. क्लिफर्डने चष्मा काढून खिशात ठेवला, मोटर आणखी एक पायरी वाढवली आणि तिच्या चाकाशी लागून चालू लागला.